पाहिलेलंच सांगणारी माणसं

कौसरची सकाळची फेरी ठरलेली होती. मुसाला भरवून झालं, सासूबाई ओट्यावर मासळीवालीची वाट बघत बसल्या, की ती कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं झाकण काढी, ब्रॉडबँडच्या डब्यावरचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत दम धरी आणि वीज जायच्या आत ऑर्कुटवरच्या आपल्या माणसांच्या दारांवरून एक चक्कर मारून येई. ती माणसं तिला ओळखत नव्हती. पण राजिवड्यातल्या शेजारणींपेक्षा त्यांच्या घरात काय चाललंय हे तिला जास्त ठाऊक असे.

२००७ साल होतं. कॉम्प्युटर जुनेदने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, गेल्या सुट्टीत घेऊन दिला होता. खरं तर स्वतःसाठीच. कुवेतला बसून बायको-मुलाचं तोंड दिसावं म्हणून. ते तोंड दिसे शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. बाकीचे दिवस कॉम्प्युटर कौसरचा.

ऑर्कुटवर माणसं काय कमी होती? तिच्या बी.एस्सी.च्या वर्गातले निम्मेअधिक तिथे होते, दुसऱ्याच्या मोटारसायकलला टेकून, काळे चष्मे लावून. एकमेकांची तारीफ लिहायची आणि बदल्यात आपली लिहून घ्यायची असा तो व्यवहार. कौसर तिकडे फिरकत नसे. तिची माणसं निराळी.

एक होता हर्णैचा रितेश. जहाजावर स्वयंपाकी. ज्या बंदरात उतरेल तिथल्या मासळीबाजारात हा जायचा आणि फोटो टाकायचा. स्वतःचा एकही फोटो नाही. नुसते मासे, टोपल्या, विकणाऱ्या बायांचे हात. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी: 'हा आपल्या सुरमईचा चुलत भाऊ. चव नाही.' दुसरी होती बाणकोटची झरीन, लग्न करून दोह्याला गेलेली. ती सांदणं करायची, खिमा-पॅटिस करायची. पण कौसरला ती आवडली ती एका फसलेल्या सांदणामुळे. मधोमध बसलेलं, कडेला फाटलेलं सांदण तिने खुशाल जगापुढे ठेवलं होतं आणि लिहिलं होतं, 'पीठ आंबायच्या आधीच वाफेला लावलं. घाई माझी, दोष पिठाला देऊ नये.' अशा बाईच्या हातचं खावं, असं कौसरला वाटलं होतं.

रितेशचा नाद तर सासूबाईंनाही लागला होता. नसीमाचाची म्हणून त्या साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक; कौसर त्यांना मां म्हणे. मासळी घेऊन झाली की ओल्या हातांनी त्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या.

"गो कौसर, त्या हर्णैच्या पोरान आज काय टाकलान?"

"बोंबील, मां. पण चीनचे."

"चीनला बोंबील? सरक, बघू दे." मग नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून, "ह्यॅ! हे कसले बोंबील. काटा बघ केवढा. त्यानं काय लिहिलान?"

"लिहिलंय, आपल्यासारखे नाहीत."

"मग खरा बोलतो पोर."

एकदा रितेशने लिहिलं होतं की कुठल्याशा बंदरात तो चक्क फसला. बर्फातला जुना मासा ताजा म्हणून घेऊन आला, कारण घाईत डोळे बघायचे राहिले. तेव्हापासून मां त्याच्यावर बेहद्द खूश. "फसला नि वर सांगतो बघ! ह्या पोराला कोण फसवणार नाय आता."

आणि तिसरं दार होतं आयांच्या एका भल्यामोठ्या कम्युनिटीचं. मुंबईची एक बाई ती चालवायची. हजारो आया, गुलाबी फुलं, फुलपाखरं. कोणी काही विचारलं की अर्ध्या तासात वीस जणी धीर द्यायला धावत. कौसरला धीर लागायचा. काळजी हा तिचा जुना आजार होता. मुसा तान्हा असताना ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसायची. दूध उकळलं तरी पुन्हा उकळायची. घरात तिच्या काळजीची थट्टा हे एक कामच होऊन बसलं होतं. जुनेद तिला 'काळजीबेगम' म्हणायचा. त्यामुळे झालं असं, की जेव्हा खरी काळजी करण्यासारखी गोष्ट आली, तेव्हा तिच्याकडे कोणी वळूनही बघेना.

मुसाने दोन वर्षं ओलांडली होती आणि तो एक शब्द बोलत नव्हता.

खट्याळ होता, गुटगुटीत होता, हवं ते मिळवायचा. पाणी हवं तर हात धरून माठाकडे न्यायचा. पण 'मां' नाही, 'पापा' नाही. नुसतं 'म्म'.

"ह्याचा बापूस तरी कुठे बोलत होता?" मां म्हणायच्या. "जुनेद तीन वर्षांचा होईस्तोवर मुका. आता बघ, फोन ठेव म्हटलं तरी ठेवत नाय."

"पण मां, हाक मारली तरी बघत नाही हो कधी कधी."

"त्याचं मन नसेल. आणि आयकायला येत नाय म्हणतेस तर अजान कशी आयकतो?"

इथे सगळं संपायचं. कारण अजानची गोष्ट मोहल्लाभर झाली होती. मशीद घराच्या मागेच. अजान सुरू झाली की मुसा हातातलं खेळणं टाकायचा, दोन्ही हात डोक्यावर ठेवायचा आणि खुंटीवरची आपली विणलेली टोपी मागायचा. चालायला लागल्यापासून. शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. मां त्याला टोपी घालून मिरवायच्या, "माझ्या पोराला कोणी शिकवलान नाय हां. आपसूक." जुनेदने कुवेतच्या खोलीतल्या झाडून सगळ्यांना ही गोष्ट सांगितली होती.

कौसरने शेवटी आपला प्रश्न फुलपाखरांच्या कम्युनिटीत टाकला. उत्तरांचा पाऊस पडला. मुलगे उशिराच बोलतात. थोर थोर माणसं उशिरा बोलली. एकीने लिहिलं, 'हुशार मुलं आधी विचार करतात, मग बोलतात.' खाली सतरा फुलं. कौसरला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिने स्वतः होऊन सोलकढी केली.

त्या सगळ्या फुलांच्या खाली एकच ओळ कोरडी होती. 'कान तपासलेत का? शमिका, मिरज.'

कौसरला राग आला. ओळख ना पाळख, आणि मुलाच्या कानावर कशाला जाते ही? तिने कॉम्प्युटर बंदच केला. दुसऱ्या दिवशी मात्र रितेशकडे आणि झरीनकडे जायच्या आधी ती त्या मिरजेच्या बाईच्या पानावर गेली.

पान अगदी उघडंबोडकं होतं. फोटोच्या जागी बाईचा चेहरा नव्हता, एका लहान मुलीचा कान होता, आणि कानामागे बदामी रंगाचं छोटंसं यंत्र. ओळखीच्या जागी लिहिलं होतं, 'मी डॉक्टर नाही. मला एक मुलगी आहे आणि मी बघत असते.' खाली बारीकसारीक नोंदी. आज तिने कुकरच्या शिट्टीला मान वळवली. आज मला वाटलं वळवली, पण पंख्याच्या वाऱ्याने वळली असेल, धरत नाही.

हे 'धरत नाही' वाचून कौसर थांबली. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या मॅडम असंच म्हणायच्या. दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. आणि हीच गोष्ट तिला रितेशमध्ये आवडत होती, झरीनमध्येही, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं. ही सगळी पाहिलेलंच सांगणारी माणसं होती. फुलपाखरांच्या आयांपैकी एकीनेही मुसाला पाहिलेलं नव्हतं, आणि सतरा जणींनी तो हुशार आहे असं ठरवून टाकलं होतं.

ती रोज जायला लागली. वाचायची आणि गुपचूप परत यायची. नुसतं वाचायची नाही, पारखायची. मागच्या वर्षी हिने लिहिलेलं आणि आज लिहिलेलं जुळतं का? काही विकायला तर बसलेली नाही ना? मुलीचं वय कुठे मागेपुढे होतं का? कुठे काही सापडलं नाही. फक्त एक गोष्ट कौसरच्या ध्यानातच नव्हती. ऑर्कुटवर तुमच्या दारात कोण येऊन गेलं हे घरमालकाला दिसायचं.

एका सकाळी तिच्याच पानावर निरोप येऊन पडला होता. 'रोज येता, बघता, न बोलता जाता. चहाला तरी बसा. विचारा की काय विचारायचंय ते. शमिका.'

कौसरचे कान तापले. चोरी पकडल्यासारखं झालं. मग तिने एका दमात सगळं लिहून टाकलं. हाकेला न बघणं, 'म्म', आणि शेवटी, जरा ठसक्यातच, अजान.

उत्तर दुपारपर्यंत आलं.

'अजान मी काही पाहिली नाही, म्हणून बोलत नाही. आमचं सांगते. माझी मुलगी टीव्हीवरची एक जाहिरात लागली की नाचायची. गाणं आवडतं म्हणून आम्ही वर्षभर खूश. पाहुण्यांना दाखवायचो. मग एकदा टीव्हीचा आवाज बिघडला. चित्र चालू, आवाज बंद. ती तशीच नाचली. वर्ष गेलं आमचं. अशी मुलं डोळ्यांनी ऐकतात ताई, आणि सबंध घराला फसवतात. तुमचा मुलगा त्या वेळी कुणाकडे बघत असतो, तेवढं बघा.'

कौसरने ते वाचलं आणि कॉम्प्युटर बंद केला. कुणाकडे बघणार? अजान तर भोंग्यातून येते.

दोन-तीन दिवसांनी मां कर्ल्याला बहिणीकडे गेल्या होत्या. दुपारची वेळ. कौसर स्वयंपाकघरात भाकरीसाठी तांदळाची उकड मळत बसलेली, दोन्ही हात मनगटापर्यंत भरलेले. समोर मुसा जमिनीवर डब्यांची झाकणं गाडीसारखी पळवत होता. भोंगा खरखरला आणि अजान सुरू झाली. एरवी कौसर लगेच ओढणी डोक्यावर घ्यायची. या घरात सून म्हणून आली तेव्हापासून मांचं बघून लागलेली सवय. आज हात भरलेले. तिने मनातच माफी मागितली आणि मळत राहिली.

मुसाने झाकण पळवलं. ते भिंतीला आपटलं. त्याने ते परत आणलं. अजान चालू होती. भोंगा इतका जवळ की फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या. मुसाने मान वर केली नाही. अजान पुरी झाली, भोंगा पुन्हा खरखरला, बंद झाला. मुसा झाकण पळवत होता.

कौसरचे हात उकडीतच थांबले.

मग तिने ते धुतले. सावकाश, नखांतलं पीठ काढून. प्रॅक्टिकलचा दुसरा नियम होता की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घरात आता आवाज नव्हता. ती मुसाच्या समोर येऊन बसली आणि काही न बोलता तिने ओढणी डोक्यावर घेतली.

मुसाने झाकण टाकलं. दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि खुंटीकडे बघितलं.

तिने ओढणी खांद्यावर आणली. थोडं थांबली. पुन्हा डोक्यावर घेतली. मुसाचे हात पुन्हा डोक्यावर. तो हसला, शाबासकीची वाट बघत. रोज मिळायचीच ती त्याला. कौसरने त्याला टोपी घातली, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि "शाबास रे माझ्या राजा" असं नेहमीच्या आवाजात म्हणाली. त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. ओठांकडे. हेही तिला आजच दिसलं.

गंमत अशी की, इतकी वर्षं नसत्या गोष्टींनी तिच्या पोटात गोळा यायचा, आणि आज खरा प्रसंग आला तर गोळा नाही. डोकं थंड. काय करायचं ते लख्ख दिसत होतं. शमिकाच्या पानावर वाचलं होतं, मिरजेला कानाची मोठी तपासणी होते, तिथे न्यायचं. फक्त घरातल्या दोन माणसांना पटवायचं होतं. त्यातल्या एकाची परवानगी कुवेतला, आणि दुसऱ्या माणसाचं सगळं सुख त्या टोपीत.

जुनेद फोनवर वैतागला. "तू म्हणजे ना, कौसर! अजान ऐकतो पोरगा. सगळ्यांनी बघितलंय. आणि सांगतंय कोण, तर इंटरनेटवरची कोण एक बाई."

"तिने नाही सांगितलं. मी बघितलं."

"मी जूनला येतोय ना? तेव्हा बघू."

"जून लांब आहे."

"काळजीबेगम, मार्च चालू आहे."

"त्याच्यासाठी लांब आहे," कौसर म्हणाली. तिचा असा आवाज जुनेदने कधी ऐकला नव्हता. पण पुढे तो म्हणाला, "मां काय म्हणते?" म्हणजे प्रश्न तिथेच येऊन थांबला.

मांना हे सांगायचं कसं? तुमच्या नातवाला ऐकू येत नाही, आणि तुम्ही जी अल्लाची देणगी म्हणून गावभर सांगितलीत ती तुमची नक्कल होती, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? कौसर दोन दिवस शब्द शोधत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, की शब्दांचं कामच नाही. मांना सांगितलेलं कधी पटत नाही, त्या बघूनच घेतात. मासासुद्धा कल्ला उघडून.

शुक्रवारी मासळी आत आल्यावर तिने विचारलं, "मां, तुम्ही त्या हर्णैच्या पोराचं एवढं का मानता? न बघितलेला माणूस."

"फसला ते सांगितलान ना त्यानं."

"मला आणखी एक असंच माणूस सापडलंय. मिरजेची बाई." आणि तिने शमिकाच्या मुलीची टीव्हीसमोर नाचायची गोष्ट वाचून दाखवली. अजानचं नाव काढलं नाही.

मां ऐकत होत्या. "आवाज नाय नि तशीच नाचली?"

"तशीच."

"या अल्ला. काय वाटलं असेल त्या आयेला." मग त्यांनी कौसरकडे तिरपं बघितलं. चार इयत्ता शिकलेली बाई, पण तिच्यापासून काही लपवणं सोपं नव्हतं. "तू माझ्या पोराबद्दल बोलतेस."

"मी काहीच बोलत नाही, मां. आज जुनेदचा कॅमेरा लागेल, संध्याकाळची असरची अजान होईल. तेव्हा तुम्ही फक्त बघा. एकच करा. अजान सुरू झाल्यावर पदर घेऊ नका."

मांचा चेहरा कडक झाला. "अजान होताना डोकं उघडं ठेवू? मला शिकवतेस?"

"उघडं नको. आधीच घेऊन बसा. मीही घेऊन बसते. अजान सुरू झाली की दोघींनी हलायचं नाही, बस."

मां उठून मासे धुवायला गेल्या. आतून नळ बराच वेळ वाहत राहिला.

पण संध्याकाळी जुनेदचं तोंड पडद्यावर आलं, चौकोन चौकोन होऊन मग नीट झालं, तेव्हा मां खुर्चीत येऊन बसल्या त्या डोक्यावर पदर घेऊनच. कौसरने ओढणी घेतली. मुसा दोघींच्या मध्ये चटईवर, एका बिस्किटाचा चुरा करण्यात गुंग.

"अरे वा, आज दोघी एकदम सजून?" जुनेद म्हणाला.

"गप बस," मां म्हणाल्या.

भोंगा खरखरला. अजान सुरू झाली. माइकमधून ती कुवेतला पोचली असणार, कारण जुनेदही बोलायचा थांबला आणि पुढे वाकून बघायला लागला. मुसाने बिस्किटाचा एक तुकडा चटईच्या काडीत खुपसला. मग दुसरा. मांची नजर त्याच्यावर खिळलेली. अर्धी अजान झाली तेव्हा त्यांचे ओठ हलायला लागले. कौसरला आधी वाटलं त्या अजानला जबाब देतायत. मग कळलं, त्या "बघ रे, बघ रे" म्हणत होत्या. मुसाने बघितलं नाही. अजान संपली.

"ध्यान नव्हतं त्याचं," जुनेद घाईने म्हणाला. "खातोय ना तो."

मांनी डोक्यावरचा पदर हळूच खांद्यावर घेतला. जरा बसल्या. आणि जणू हात आपला नाहीच अशा सावकाशीने तो पुन्हा डोक्यावर नेला.

बिस्किट चटईवर पडलं. मुसाचे दोन्ही हात डोक्यावर.

"आता का करतोय? अजान तर संपली ना?" पडद्यातून आवाज आला. "हॅलो? कौसर? मां? आवाज येतोय का माझा?"

"माझ्याकडे बघून करतो रे तो," मां म्हणाल्या. "माझ्याकडे बघून." त्यांनी मुसाला ओढून मांडीवर घेतला आणि त्याचं तोंड पदराने पुसायला लागल्या. बिस्किट कधीच पुसून झालं होतं, तरी पुसतच होत्या. "आणि मी मोहल्लाभर सांगत फिरले. मीच फसले नि सगळ्यांना फसवलं."

कौसर त्यांच्या पायाशी बसली. "मां, त्याने तुम्हाला किती नीट बघितलं ते बघा ना. तुमचा पदर हलला की त्याला कळतं. डोकं चालतं पोराचं. नुसता आवाज पोचत नाही."

मांनी नाक ओढलं. "मिरज, मिरज म्हणत होतीस ती कुठेशी?"

"कोल्हापूरच्या पुढे."

"मां, मी जूनला येतोच आहे, तेव्हा आपण सगळे मिळून..." जुनेदने सुरुवात केली.

"तुझा जून गेला खड्ड्यात," मां पडद्याकडे न बघताच म्हणाल्या. "गो, एसटी कधी असते?"

पहाटेची एसटी आंबा घाटात मुसाला लागली, मांना लागली, कौसरला लागली नाही. तिने पिशवीत लिंबू, टॉवेल, जादा कपडे, सगळं घेतलं होतं. काळजी करण्याची सवय कुठेतरी उपयोगी पडतेच. मिरजेला दवाखान्याच्या फाटकाशी एक ठेंगणी बाई स्कूटर लावून उभी होती. पानावर दोन ओळींच्या वर न लिहिणारी शमिका समोर आली ती बोलतच आली. "कौसरताई ना? मी म्हटलं ओळखेन, ओळखलंच, त्याच्या गालावरून, चला, नंबर मी लावून ठेवलाय, उपाशी आहे ना तो? झोपेचं औषध द्यायचंय, आजी तुम्ही चहा घेतलात का?"

मां कौसरच्या कानाशी लागल्या. "ही तीच? लिहिते तर केवढंसं."

"तीच, मां."

"मग घरी बोलत असेल म्हणून लिहीत नसेल."

मुसाला झोपवून त्याच्या कपाळाला, कानामागे तारा चिकटवल्या तेव्हा मां भिंतीकडे तोंड करून तसबीचे मणी ओढत राहिल्या. कौसर बघत राहिली. यंत्रावरची रेघ कुठे उठते, कुठे सपाट जाते, तिला वाचता येत नव्हतं, पण तपासणाऱ्या बाईंचा चेहरा तिला वाचता येत होता. बाईंनी उगाच फिरवून सांगितलं नाही. दोन्ही कानांनी ऐकणं फार कमी आहे. अगदीच नाही असं नाही. मोठे आवाज यंत्रातून पोचतील. आत्ता लावलं तर बोलायला शिकवता येईल. मेहनत आहे, बरीच वर्षांची. आणखी थांबला असतात तर अवघड झालं असतं.

"शिकेल?" कौसरने विचारलं.

"शिकवाल तेवढं शिकेल."

"मग शिकवीन," कौसर म्हणाली. शमिका पहिल्यांदाच काही बोलली नाही. तिने फक्त कौसरचा दंड दाबला.

यंत्र कानात नीट बसायला कानाचा साचा घ्यावा लागतो. त्यासाठी गुलाबी लगदा पिचकारीने कानात भरतात आणि घट्ट होईपर्यंत पोराने हलायचं नसतं. मुसा जागा झाला होता आणि पिचकारी बघून त्याने खोली डोक्यावर घेतली.

"थांब बाय," मां पुढे झाल्या. "दुखतं काय हे?"

"नाही हो आजी."

"मग आधी मला घाल."

"आजी, तुम्हाला कशाला?"

"मी बघितल्याबिगर माझ्या पोराला घालू देणार नाय."

तपासणाऱ्या बाईंनी हसत कौसरकडे बघितलं. कौसरने मान डोलावली. मांना खुर्चीत बसवून त्यांच्या उजव्या कानात लगदा भरला गेला. मां डोळे मिटून ताठ बसल्या, दाढ काढायला आल्यासारख्या. नेमका तेव्हाच पिशवीतला मोबाइल वाजला. कुवेत. कौसरचे हात मुसाला आवरण्यात गुंतलेले, म्हणून मांनीच तो घेतला आणि सवयीने उजव्या कानाला लावला.

"हां जुनेद. काय? मोठ्यान बोल! अरे काय बोलतोस? आयकायला येत नाय!"

शमिकाला हसू फुटलं. तपासणाऱ्या बाईही हसल्या. मग मांच्या लक्षात आलं. त्यांनी फोन डाव्या कानाकडे न्यायला उचलला, पण नेला नाही. हात हवेत थांबला. फोनमधून जुनेदचा बारीक आवाज येत राहिला, हॅलो, हॅलो.

"एकाच कानान एवढं," त्या म्हणाल्या. "त्याला दोन्ही कानान असंच?"

"याहून जास्त, आजी."

मांनी फोन तसाच टेबलावर ठेवला. "घाल त्याला. दुखत नाय. गार लागतं फक्त."

कौसरने मुसाला मांडीवर आडवं घेतलं. त्याचं डोकं आपल्या छातीशी दाबलं आणि एक तळहात त्याच्या कपाळावर घट्ट ठेवला. तो जिवाच्या आकांताने रडत होता, लाथा झाडत होता. मांनी त्याचे पाय धरले. एरवी त्याच्या डोळ्यांतल्या एका थेंबाने कौसरचा जीव वरखाली व्हायचा.

"ताई, हलू देऊ नका हं. रडतोय तर थोडं थांबूया का?" बाईंनी विचारलं.

"नाही," कौसर म्हणाली, "रडू दे. तुम्ही भरा. मी धरलंय."